उताराला गिअर काढायचा नसतो

"एकदा पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटून घ्या," असं छातीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा मी फाईल बंद केली आणि उठले. डिसेंबर २०२२ ची गोष्ट. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होवो न होवो, माणसाचा त्रास कमी करणारी काळजी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. मला बघून म्हणाले, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "गोळ्या त्याच चालू ठेवायच्यात."

पुढचे आठ महिने ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. ना आईला, ना दादाला. त्या आठ महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी कराड-चिपळूण गाडीवर, कुंभार्ली घाटात. विडीकाडीचं व्यसन नाही, कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. २०२१ च्या पावसाळ्यात कोरडा खोकला लागला तो थांबेचना. सगळ्यांना कोविडच वाटला. तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. मग जिना चढताना धाप लागायला लागली. पुण्यातल्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "ऐका." चपलेचा वेल्क्रो हळूहळू उचकटावा तसा आवाज येत होता. घरी कबुतरं आहेत का, कोंबड्या पाळता का, भिंतींना ओल आहे का, असं बरंच विचारलं. सीटी स्कॅन झाला. फुप्फुसाचा फायब्रोसिस, कारण न सापडलेला. स्पंजसारखं मऊ फुप्फुस जखमेच्या व्रणासारखं चिवट होत जातं आणि ते पुन्हा मऊ होत नाही. औषधानं वेग कमी होतो, आजार थांबत नाही. निदानानंतर सरासरी तीन ते पाच वर्षं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय बहात्तर, त्यामुळे फुप्फुस बदलायचा प्रश्नच नव्हता.

एवढं ठाऊक असूनही मी त्या एका शब्दाला घाबरले. माझ्या मैत्रिणीची आई शेवटी वारज्याच्या सिप्लाच्या केंद्रात होती. ते केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटना मोफत सांभाळतं. तिथली शांतता, झाडं, सिस्टरांचं वागणं सगळं चांगलंच होतं, पण माझ्या डोक्यात समीकरण बसलं ते बसलंच: पॅलिएटिव्ह म्हणजे कॅन्सर आणि पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे दिवस. अण्णांना कॅन्सर नव्हता. अजून चालत होते, रोज पेपर वाचत होते. मग हात का टेकायचे?

हात टेकले नाहीत त्याचं काय झालं ते ऑगस्ट २०२३ मध्ये कळलं. साधा सर्दी-ताप छातीत उतरला आणि अण्णांना आयसीयूत न्यावं लागलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी त्यांच्या परीनं केलं. तोंडावर घट्ट पट्ट्यांचा मास्क, त्यातून मशीन हवा ढकलतं. अण्णा मास्क ओढून काढायचे म्हणून त्यांचे हात बँडेजनं कॉटला बांधले. भेटायला दिवसातून दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी मी आत गेले तर मनगटावर लाल वळ उठले होते. ते मास्कच्या आतून काहीतरी सांगत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. ज्या हातांनी मोठं स्टिअरिंग ओढत आयुष्य काढलं ते हात असे. नवव्या दिवशी सुटले, पण ऑक्सिजन कायमचा मागे लागला. घरी येताना गाडीत म्हणाले, "त्या खोलीत मला पुन्यांदा न्यायचं न्हाई." कुणीच काही बोललं नाही.

त्या रात्री मी दादाला आठ महिन्यांपूर्वीचं वाक्य सांगितलं. तो चिडला, आधी माझ्यावर आणि मग त्या वाक्यावर. "म्हणजे ट्रीटमेंट बंद करायची? उद्या लोक काय म्हणतील? पोरांनी पैसे वाचवले!" आत्या फोनवर म्हणाली, "हे विनोबांसारखं प्रायोपवेशन का?" विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं होतं, आत्याला ते चांगलं आठवत होतं. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं, कारण मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. शेवटी आईनं निकाल दिला. "जाऊन विचारायला काय पैसे पडतात?"

अण्णा तेव्हा माझ्याकडेच होते, सिंहगड रोडला. अपॉइंटमेंटला आम्ही सगळे गेलो. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी खुर्ची टेबलामागून काढली आणि अण्णांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आणून बसल्या. फाईल उघडलीच नाही. पहिला प्रश्न: "काका, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे?"

मी अण्णांच्या पाठीमागून मान हलवून नको नको करत होते. अण्णा म्हणाले, "इंजिन गेलंय. बॉडी बरी आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला वाटतं मला ठाऊक नाही."

दुसरा प्रश्न होता, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. मला वाटलं, दम म्हणतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आंघोळीचा." आणि मग भडाभडा बोलले. इथं जावई आंघोळ घालतो. आपल्यात जावयाचे पाय धुतात, आणि इथं जावई माझे पाय धुतोय. मला एकट्याला आंघोळ करता आली पाहिजे, बाकी काही नको. दोन वर्षं मी त्यांची प्रत्येक तपासणी केली होती, प्रत्येक रिपोर्टवर तारीख घालून फाईलला लावला होता. हे मला माहीत नव्हतं.

दादानं त्याचा प्रश्न विचारलाच. "हे घेतलं तर ते लवकर जाणार का?" डॉक्टरांनी टाळलं नाही. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला, २०१० साली छापून आलेला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली होती. त्यांचे दिवस जास्त बरे गेले, शेवटी-शेवटी आक्रमक उपचार त्यांनी कमी घेतले, आणि तरीही ते सरासरी जास्त जगले, ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने. "पण तो कॅन्सर होता," त्या लगेच म्हणाल्या, "काकांचा आजार वेगळा आहे, त्यांच्याबद्दल मी हे आकडे सांगणार नाही. एवढंच सांगते की त्रास कमी केल्यानं माणूस लवकर जातो, ही समजूत काढून टाका." दादा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला. मला त्या डॉक्टरांचा भरवसा त्याच क्षणी वाटला. आकडा आमच्या बाजूनं वळवायची संधी होती आणि त्यांनी ती घेतली नाही.

कुणासाठी योग्य, हे ठरवायची त्यांची पद्धत मला फार उपयोगी पडली. किती दिवस उरलेत, हे त्या मोजत बसत नाहीत. आपल्याशीच एक प्रश्न विचारतात: हा माणूस वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर "नाही" आलं, तर उशीर करायचा नाही. अण्णांचं वजन सहा महिन्यांत नऊ किलो उतरलं होतं, बसल्या जागी दम लागत होता, एकदा आयसीयू झालं होतं, आणि आई रात्री दोन तासांच्या वर झोपत नव्हती. आईची झोपही त्यांनी त्याच कागदावर लिहून घेतली. छातीचे डॉक्टर सोडायचे नाहीत, त्यांचं त्यांनी करायचं, आमचं आम्ही, असं म्हणाल्या. "महिनाभर करून बघा. नाही पटलं तर सोडून द्या. इथं कुणी सही करून घेत नाही." इतके महिने जो निर्णय मी डोंगराएवढा करून ठेवला होता, तो महिनाभराच्या प्रयोगावर आला.

पहिला बदल अगदी छोटा होता. त्यांनी ऑक्सिमीटर काढून घ्यायला सांगितला. अण्णा दिवसभर बोटाला ते चिमटं लावून आकडा बघत बसायचे. ८८ चा ८६ झाला की घाबरायचे, घाबरले की दम वाढायचा. "बोटाला विचारू नका, माणसाला विचारा," डॉक्टर म्हणाल्या. दम किती लागतोय ते शून्य ते दहामध्ये सांगा. अण्णांना ते दहाचं गणित जमेना. ते गिअरमध्ये सांगायला लागले. चौथा म्हणजे सपाट रस्ता, दुसरा म्हणजे घाट, पहिला म्हणजे गाडी कण्हायला लागली. आमच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ गिअर लिहिलेला आहे, आणि डॉक्टरही फोनवर "आज काका कितव्यात?" असंच विचारायच्या.

फायब्रोसिसच्या गोळ्या बंद करण्याचा निर्णय मला सगळ्यात जड गेला. त्या गोळ्यांनी अण्णांना दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब व्हायचे, जेवण तुटलं होतं. दोन्ही डॉक्टर आपसात फोनवर बोलले आणि म्हणाले की या टप्प्यावर गोळीचा फायदा आणि तिचा जाच यात जाचच जास्त आहे. मी दोन दिवस गोळ्यांची डबी उचलायची आणि परत ठेवायची. अण्णांनीच ती डबी कचऱ्यात टाकली. आठवड्याभरात भाकरीचा तुकडा मागून घेतला.

मग मॉर्फिन. नाव ऐकून दादा पुन्हा उठून बसला, "हे तर नशेचं." डॉक्टरांनी समजावलं की अगदी थोड्या मात्रेत ते दमाची घुसमट कमी करतं आणि अशा आजारात, मोजून दिलेल्या डोसात, त्याची लत लागायची भीती धरायची नाही. दहा मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, ठरलेल्या तासांनी, एवढ्यानंच सुरुवात झाली. पहिले तीन दिवस अण्णा पेंगत होते आणि मी सारखी त्यांच्या छातीकडे बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी पेपर मागितला. वहीत त्या दिवशी लिहिलंय: "तिसरा, कधी कधी चौथा." बद्धकोष्ठ मात्र होतंच, आणि ते हलक्यानं घ्यायचं नाही. पोट साफ व्हायचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच चालू करायचं, आपण विसरायचं नाही. शिवाय एक टेबलफॅन चेहऱ्यावर वारा येईल असा ठेवायला सांगितला. मला ते घरगुती समजूत काढल्यासारखं वाटलं होतं, पण नाका-गालावर वारा लागला की मेंदूला दम कमी वाटतो, आणि अण्णा शेवटपर्यंत आधी पंखा मागायचे, मग गोळी.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा परवान्यांचं जंजाळ कमी झालं, तरी मान्यता मिळालेल्या ठिकाणीच ती ठेवतात. आम्ही महिन्याला एकदा जायचो, रिकामी पाकिटं परत द्यायची, सिस्टर मोजून नवी द्यायच्या आणि रजिस्टरला सही. गावाकडच्यांनी हे आधीच विचारून ठेवावं. घरी न्यायचं ठरवायचं आणि औषध मात्र दोनशे किलोमीटरवर, असं व्हायला नको.

आणि आंघोळ. सिस्टरांनी घरी येऊन बाथरूम बघितलं. प्लॅस्टिकचा पाठ असलेला स्टूल, बादली गुडघ्याच्या उंचीला दुसऱ्या स्टुलावर म्हणजे वाकायला नको, पाणी कोमट, कढत नाही, कारण वाफेनं जीव गुदमरतो. दार सताड उघडं आणि बाहेरून पडदा. ऑक्सिजनची लांब नळी आतपर्यंत, आंघोळ करतानाही नाकातली नळी काढायची नाही. अंग पुसायच्या भानगडीत पडायचं नाही, त्यातच सगळा दम जातो. जाड टॉवेलचा झगा अंगावर घ्यायचा आणि तसंच दहा मिनिटं बसायचं, पाणी आपोआप टिपलं जातं. पहिल्या दिवशी आम्ही चौघं पडद्याबाहेर उभे. आतून तांब्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग परत तांब्या. बावीस मिनिटांनी अण्णा झगा घालून बाहेर आले, केस उभे, आणि जावयाला म्हणाले, "पाहुणं, आता तुमची सुट्टी."

महिना संपला. सोडून द्यायचा विषय कुणी काढला नाही.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी अवघड प्रश्न काढला. पुन्हा ऑगस्टसारखं झालं तर? व्हेंटिलेटर लावायचा का? या आजारात फुप्फुसच चिवट झालेलं असल्यामुळे एकदा मशीनवर गेलेला माणूस त्यावरून सुटणं फार कठीण असतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दादा म्हणाला, "अण्णा, असं सोडून कसं द्यायचं?" तेव्हा अण्णा त्याला जे म्हणाले ते तसंच लिहिते. "कुंभार्ली उतरताना नवा ड्रायव्हर काय करतो? डिझेल वाचतं म्हणून गिअर काढतो. मग गाडी ब्रेकला ऐकत नाही. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा असतो. मी गिअर काढतोय का? न्हाई. मला उतरू द्या नीट." दादा उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, आणि पुढे पैशाचं किंवा लोकांचं तो कधी बोलला नाही.

ते आम्ही कागदावर केलं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये असं आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक साक्षीदार शेजारचे काका. दुसरे अण्णांचे जुने कंडक्टर, कराडहून त्यासाठी आले. सही करताना त्यांचा हात थांबला. अण्णा म्हणाले, "डबल बेल द्या, कंडक्टर." त्यांनी सही केली. आत्यालाही मी तो कागद वाचून दाखवला. अण्णा जेवणार आहेत, औषध घेणार आहेत, फक्त मशीनला जुंपायचं नाही, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग एवढा वेळ का लावला गं?"

डिसेंबरात अण्णा कराडला स्वतःच्या घरी गेले. जानेवारीत पुन्हा ताप आणि कफ झाला. अँटिबायोटिक्स दिली, गावातले डॉक्टर रोज येऊन बघून गेले, पुण्याच्या डॉक्टर फोनवर होत्या, आणि अण्णा त्यातून उठले. जे बरं होण्यासारखं होतं ते बरं करणं कधीच बंद झालं नव्हतं.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र मी सांगणार नाही. घरी सांभाळणं म्हणजे घरातल्या कुणाचं तरी अंग झिजतं. आईची कंबर गेली ती अजून धड नाही. दादानं तीन महिने बिनपगारी रजा काढली. ज्या घरात एकच म्हातारं माणूस आहे, किंवा दोघंही नोकरीवर आहेत, तिथं "घरीच ठेवा" हा सल्ला जुलमाचा होऊ शकतो. घर म्हणजे पॅलिएटिव्ह केअर नव्हे; वॉर्डातही होते, अशा केंद्रातही होते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं केंद्र. आमच्याकडे माणसं होती म्हणून घर जमलं.

एप्रिल २०२४, पहाटेचे पावणेचार. लाईट गेली, कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणारं विजेवरचं मशीन, बंद पडून कुंईकुंई ओरडायला लागला. सिलिंडर तयार होता, मिनिटाला तीन लिटरनं आठ तास चालेल एवढा भरलेला, पण त्याचा पाना सापडेना. दहा मिनिटं. दादा मोबाईलच्या उजेडात पलंगाखाली शोधत होता, आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती. पाना सिलिंडरच्याच मानेला बांधून ठेवा, हे कुणीही लिहून घ्यावं. नंतर अण्णांची तगमग कमी झाली. सिस्टरांनी फोनवर सांगितलेला जास्तीचा डोस दादानं जिभेखाली दिला. मी पुण्याहून निघाले होते, साताऱ्याच्या अलीकडे होते तेव्हा दादाचा फोन आला. आई त्यांच्या उशाशी होती. अण्णांचे हात मोकळे होते.

तेराव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या परत करायला गेले. सव्वीस होत्या आणि एक चतकोर. सिस्टरांनी त्या कागदावर पसरून बोटानं दोन-दोन करत मोजल्या, चतकोरही लिहिला, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी सही केली आणि पर्स उचलली. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा ना. आईंना झोप लागते का आता?"